राजमाता आणि वारसाहक्क

दिल्लीच्या सुलतानशाहीत वारसाहक्काचा निश्चित नियम नव्हता. त्यामुळे अंतःपुरातील प्रत्येक मातेचे भवितव्य पुत्राच्या भाग्याशी निगडित असे. इ. स. १२३६ मध्ये सुलतान इल्तुत्मिश मरण पावला. त्याने कन्या रझियाला वारस नेमले होते, असे इतिहासकार मिन्हाज सांगतो. तथापि अमीरांनी पुत्र रुक्नुद्दीन फिरुझ यास गादीवर बसविले. तो विलासात मग्न राहिला आणि कारभार त्याची आई शाह तुर्कान हिच्या हाती गेला. मूळची दासी असलेल्या या राजमातेने सवतींचा सूड उगविला; कुत्बुद्दीन या सावत्र पुत्राचे डोळे काढवून त्याला ठार करविले. रझियाच्या वधाचा कट होताच दिल्लीची जनता खवळली. तुर्कान बंदिवान झाली. सात महिन्यांच्या आतच फिरुझचे राज्य व प्राण दोन्ही गेले आणि रझिया सुलतान झाली. पुत्राचे आसन निष्कंटक करण्याचा मातेचा अट्टाहासच त्याच्या नाशास कारण झाला.