पाण्याच्या मशीनला नाणे कळते कसे?

गावोगावी ग्रामपंचायतीच्या आवारात किंवा पारावर आता शुद्ध पाण्याचे मशीन दिसते. कुणी त्याला ‘आरो’ म्हणतात, कुणी ‘पाण्याचं एटीएम’, तर कुणी नुसतंच ‘फिल्टर’. खाली जार लावायचा, फटीत पाचचे नाणे टाकायचे; बऱ्याच गावांत तेवढ्यात वीस लिटर पाणी मिळते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड निघते. आपल्या भागात पिण्याच्या पाण्याचे मोल कुणाला वेगळे सांगायला नको.

पण ऐन उन्हाळ्यात, रांग लागलेली असताना, नेमकी बोंब उठते : “मशीन नाणं घेईना गेलंय!” नाणे आत जाते आणि खळकन खाली येते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. मग मागून कुणीतरी निकाल देतो, “नाणं खोटं हाय.” झाले! तेच नाणे किराणावालाही घेईना होतो. मजुरीच्या पैशातले पाच रुपये हातात असून बाई रिकामा जार घेऊन घरी जाते. बहुतेक वेळा दोष नाण्याचा नसतो. त्या मशीनला ते नाणे कुणी शिकवलेलेच नसते. हे समजायचे तर मशीन नाणे कसे पारखते ते पाहिले पाहिजे.

पहिले मशीनही पाण्याचेच

नाणे टाकून चालणारे यंत्र ही आजकालची गोष्ट नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात हेरॉन नावाचा यंत्रज्ञ होऊन गेला. देवळात पवित्र पाणी देणाऱ्या एका यंत्राचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्यात पाच द्राख्मांचे नाणे टाकायचे. नाणे आतल्या तरफेच्या टोकावर पडे, त्याच्या भाराने तरफ झुके, तोटी उघडे आणि पाणी येई. नाणे घसरून खाली पडले की तरफ वर जाई आणि पाणी बंद! म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही पाचाचे नाणे आणि पाणी, हाच हिशोब होता. त्या यंत्राला कळत होते ते फक्त वजन. तेवढ्याच भाराची दुसरी कुठलीही चकती टाकली, तरी ते फसले असते.

चित्र नव्हे, अंग बघते

आपली म्हातारी माणसे रुपया दगडावर वाजवून घेत. खणखणीत वाजला तर खरा, बद्द वाजला तर खोटा. धातू वेगळा असला की आवाज वेगळा, हे त्यामागचे शास्त्र. आजचे मशीन आवाजाऐवजी विजेने हेच काम करते.

फटीच्या आत नाण्याला घरंगळायला वाट असते आणि वाटेच्या दोन्ही अंगांना तांब्याच्या तारेच्या छोट्या कॉइल असतात. मोटारीचे वाइंडिंग आपण पाहिलेले असते, त्याचाच हा लहान भाऊ. या कॉइलमधून सारखी दिशा बदलणारी वीज वाहते आणि भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. धातूचे नाणे त्यातून गेले की नाण्याच्या अंगात पाण्याच्या भोवऱ्यासारखे विजेचे प्रवाह फिरतात आणि कॉइलमधली लहर बदलते. पितळेने एका तऱ्हेने बदलते, स्टीलने दुसऱ्या. नाणे जाड की पातळ, मोठे की लहान, यानेही फरक पडतो. काही मशीनमध्ये प्रकाशाचे डोळेही असतात. नाण्याने उजेड किती वेळ अडवला, यावरून त्याची रुंदी कळते.

सिंहमुद्रा, साल, सालाखालची टांकसाळीची खूण यातले काहीच असल्या साध्या मशीनला दिसत नाही. माळेगावच्या यात्रेत बैल घेताना जाणता शेतकरी झूल आणि घुंगरू बघत नाही. दात, खूर आणि चाल बघतो. मशीनचे तसेच आहे.

नमुन्याचे नाणे

या मशीनमधले नाणे-पारखी दोन प्रकारचे असतात. साध्या प्रकारात आत एक नमुन्याचे नाणे कायम अडकवलेले असते. टाकलेल्या नाण्याची त्याच्याशी तुलना होते, अगदी तराजूच्या दोन पारड्यांसारखी. दोन्हीकडची लहर जुळली तर नाणे गल्ल्यात, नाही जुळली तर परत. दुसऱ्या प्रकारात नमुने आठवणीत साठवलेले असतात. एकाच जातीची पंधरा-वीस नाणी ओळीने टाकून मशीनला ती ‘शिकवावी’ लागतात. त्यात अशा चार-सहा जातीही भरता येतात.

अडचण इथेच आहे. ज्याने जन्मभर लालकंधारीच पाहिला, त्याच्यापुढे देवणी उभा केला तर तो “हा आमच्यातला नव्हं” असेच म्हणणार!

पाचाचे चार भाऊ

आज लोकांच्या हातात पाचाची निदान चार तऱ्हेची नाणी आहेत. १९९२ पासूनचे तांबे-निकेलचे जाडजूड नाणे ९ ग्रॅमचे. २००७ च्या सुमारास आलेले स्टीलचे ६ ग्रॅमचे. २००९ पासूनचे पिवळसर, निकेल-पितळेचे, तेही ६ ग्रॅमचे. या तिघांची रुंदी २३ मिलिमीटर. मग २०१९ च्या मालिकेतले पाचाचे नाणे आले ते २५ मिलिमीटर रुंद आणि ६.७४ ग्रॅम वजनाचे.

आता गंमत बघा. २०११ च्या मालिकेतले दोनाचे नाणे २५ मिलिमीटरचे आणि २०१९ च्या मालिकेतले २३ मिलिमीटरचे. म्हणजे नवे दोनाचे नाणे जुन्या पाचाएवढे, आणि नवे पाचाचे नाणे जुन्या दोनाएवढे! नुसती रुंदी मोजणारे मशीन दोनाला पाच समजेल आणि पाचाला दोन. म्हणून धातू बघावाच लागतो. ही दोनाची नाणी स्टीलची आहेत, चुंबकाला चिकटतात. पिवळे पाचाचे चिकटत नाही. घरात जुन्या रेडिओचे चुंबक असेल तर पोरांना करून बघायला सांगा.

ज्या मशीनमध्ये नमुना म्हणून २००९ नंतरचे पिवळे नाणे आहे, ते स्टीलचे किंवा २०१९ च्या मालिकेतले पाचाचे नाणे परत देणारच. नाणे सरकारी आहे, चलनात आहे. मशीनची ओळख तेवढी अपुरी आहे.

चाळणी किती बारीक?

मशीनमध्ये पारख कडक किंवा ढिली करण्याची सोय असते. ही चाळणी फार बारीक केली तर झिजलेली, काळवंडलेली खरी नाणीही परत येतात. फार मोठी ठेवली तर लोखंडी वायसर टाकूनही पाणी सुटते आणि गल्ला उघडल्यावर सरपंच कपाळाला हात लावतो. मग रागाच्या भरात चाळणी एकदम बारीक केली जाते, आणि चार जणांच्या लबाडीपायी चारशे जणांची खरी नाणी नाकारली जातात.

पंचायतीने एवढे करावे

१. एकच नमुना घेणारा पारखी असेल, तर कुठले नाणे चालते ते चित्रासह मशीनवर रंगवून लिहावे. जमल्यास अनेक नमुने घेणारा पारखी बसवून पाचाच्या चारही तऱ्हा शिकवून घ्याव्यात.

२. शिकवताना कोरी नाणी तेवढी टाकू नयेत. वापरातली, थोडी झिजलेलीही टाकावीत.

३. मशीन ओळंब्यात उभे असावे. ते कलले की नाण्याची चाल बदलते. वाटेतली धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसावी.

४. ओले नाणे टाकू नये. पाण्याने ते वाटेत चिकटते, हळू जाते आणि परत येते.

५. पारख्याची तार पंपाच्या स्टार्टरच्या तारेपासून दूर ठेवावी. मोटार सुरू होतानाच्या झटक्याने पारखी बावचळू शकतो.

६. गावातल्या दोघा-तिघांना, त्यात बचत गटातल्या एका तरी भगिनीला, हे काम शिकवून ठेवावे. मेकॅनिक शहरातून येईपर्यंत गावाने तहानलेले राहू नये.

आणि दहाचे नाणे?

आपल्या बाजारात दहाचे नाणे “चालत नाही” म्हणून परत देतात. रुपयाचे चिन्ह नसलेले खोटे, पंधरा रेघांचे खोटे, अशा वावड्या उठल्या. रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर केले, की तोवर काढलेली दहाच्या नाण्याची चौदाही रूपे कायदेशीर आहेत. रुपयाचे चिन्ह नाण्यांवर २०११ पासून आले, त्यामुळे त्याआधीच्या नाण्यांवर ते नसणारच. नाणे कायदा २०११ नुसार रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत.

मशीनला चित्र दिसत नाही, ते शिकवले तेवढेच ओळखते. आपण तर चित्र बघू शकतो, साल वाचू शकतो. तेव्हा मशीनने परत दिलेल्या नाण्याला खोटे म्हणण्याआधी ते उलटून बघा. पंचायतीच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा : “आपल्या मशीनला पाचाची किती नाणी ओळखता येतात?” उत्तर ‘एक’ असेल, तर उन्हाळ्याआधी काम हाती घ्या.