पट्टा ज्याच्या हातात

जुलैच्या झडीत पहाटे पुण्याच्या वेताळ टेकडीवर गर्दी नसते. जानेवारीत नवे बूट घालून आलेले बरेच जण एव्हाना पांघरुणात असतात. पंचवटीच्या किंवा एआरएआयच्या बाजूने चिखल तुडवत जे वर येतात, त्यांत कुत्रेवाले हमखास दिसतात. अंगात रेनकोट, एका हातात पट्टा, खिशात बिस्किटं आणि एक-दोन पिशव्या. ‘पाऊस आहे, आज राहू दे’ असं गजराच्या घड्याळाला सांगता येतं. दाराशी येऊन कुंई कुंई करणाऱ्या लॅब्रेडॉरला ते सांगता येत नाही. त्याला वेळेवर मोकळं व्हायचं असतं.

इंग्लंडमधल्या नॉरफॉक परगण्यात तीन हजारांहून अधिक प्रौढ आणि वृद्धांच्या हालचाली यंत्राने मोजल्या गेल्या. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले. कुत्र्याला नेमाने फिरवणारी माणसं गारठ्याच्या, पावसाच्या, अंधाऱ्या दिवसांतही जेवढी हालचाल करत होती, तेवढी कुत्रा नसलेली माणसं लख्ख उन्हाळ्यातही करत नव्हती.

व्यायाम म्हणून पाहिलं तर ही चाल अगदीच बेशिस्त. पहिली काही मिनिटं कुत्रा ओढतो, माणूस मागून जवळजवळ पळतो. मग पहिला खांब येतो आणि सगळं थांबतं. कालपासून तिथून कोण कोण गेलं, हे नाकाने वाचून झाल्याशिवाय स्वारी हलत नाही. घाईतला मालक पट्ट्याला हिसका देतो. मुरलेला मालक उभा राहतो. गिरिपुष्पाच्या झाडीतून वर आलं, की गवताळ माळ लागतो. कुत्रा एकाएकी ताठ होतो, कान टवकारतो. माणसाची नजर आपोआप तिकडे वळते आणि गवतातून सरकणारं मुंगूस किंवा उतरणीवरचा मोर दिसतो. कानात इअरफोन खुपसून शेजारून गेलेल्याला तो दिसलेला नसतो.

या रेंगाळण्याचाही हिशेब झालेला आहे. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवरून एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडलं, की आठवड्याला १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन चांगलं असल्याचं अधिक प्रमाणात सांगतात. ही मिनिटं एका दमात घालवा की तुकड्यातुकड्यांत, फरक पडत नाही. रोज वीस मिनिटं टेकडीवर काढणाऱ्याचा हा कोटा सहा दिवसांत पुरा होतो.

शिवाय ओळखी होतात. टेकडीवर माणसांची नावं कुणाला ठाऊक नसतात. ते ‘ब्रूनोचे बाबा’ आणि ‘सिंबाची आई’ असतात. ‘अहो, चावत नाही हो तो!’ या वाक्याने सुरू झालेलं बोलणं गोचिडांच्या औषधावरून गुडघेदुखीपर्यंत सहज पोचतं.

पण पट्टा दरवेळी मालकाच्याच हातात असतो असं नाही. पुण्या-मुंबईच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये सकाळी तीन-तीन कुत्री घेऊन निघणारा पोरगा असतो, तो पगारी वॉकर. कुठला कुत्रा कुणावर गुरगुरतो, कोण मागचा पाय उचलून चालतोय, कुणाचं पोट बिघडलंय, हे सगळं त्याला ठाऊक. फिरवून झाल्यावर तो मालकाला व्हॉट्सअॅपवर कळवतो : ‘दोन्ही झालं.’ कुत्र्याचं काम झालं, हे खरं. मालकाचं मात्र एक पाऊलही पडलेलं नसतं.

आकडे इथेच नीट वाचायला हवेत. स्वीडनमध्ये ३४ लाख लोकांच्या सुमारे बारा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकट्या राहणाऱ्या श्वानपालकांमध्ये मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी आढळला. पण त्या नोंदी मालकीच्या होत्या. कोण किती चाललं, हे त्यांत नव्हतं. मुळात धडधाकट माणसंच कुत्रा पाळत असतील, ही शंकाही उरते. लिव्हरपूल विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात चालण्याचीच विचारपूस झाली होती. आठवड्याला १५० मिनिटांच्या व्यायामाची शिफारस पुरी होण्याची शक्यता श्वानपालकांमध्ये सुमारे चौपट निघाली. त्यांची जादा हालचाल होती ती मुख्यतः कुत्र्याबरोबर चालण्याची.

चालण्यात जोखीमही आहे. अमेरिकेत २००१ ते २०२० या काळात पट्ट्याने कुत्रा फिरवताना जखमी होऊन सुमारे सव्वाचार लाख प्रौढ तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात गेले, असा अंदाज आहे. त्यांत बोटाचं हाड मोडणं, मेंदूला मार बसणं आणि खांदा दुखावणं हे प्रकार सर्वाधिक होते. म्हणूनच पट्टा बोटांना किंवा मनगटाला गुंडाळू नये. उन्हाळ्यात डांबरावर आधी आपला तळहात टेकवून पाहावा. आपल्याला सोसत नसेल, तर त्याच्या पंजालाही सोसत नाही. पावसाळ्यात घरी आल्यावर कानामागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधणं हा फिरण्याचाच भाग धरावा.

टेकडीचीही तब्येत असते. बेल्जियममध्ये गेंट शहराजवळच्या राखीव क्षेत्रांत संशोधकांनी मोजलं, तेव्हा कुत्र्यांच्या मलमूत्रातून हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत जात होता. एवढ्या खताने माळावरच्या वनस्पतींचा समतोल बिघडतो. विष्ठा उचलली, तर त्यातला बहुतेक फॉस्फरस टळतो. मोकळा सोडलेला कुत्रा टिटवीसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना उठवतो, तो तोटा वेगळाच.

तेव्हा कुत्रा घरात असेल, तर वॉकरला आठवड्यातून दोन दिवस भरपगारी सुट्टी द्या आणि त्या दिवशी स्वतः बाहेर पडा. टेकडीवर पट्टा सोडू नका, पिशवी विसरू नका. आणि तो खांबापाशी थांबला, की मोबाइल न काढता तुम्हीही जरा थांबा.