दिल्ली-मुंबई विमानप्रवास : अंतर ठरलेले, वेळ मात्र जमिनीवर ठरते

नवी दिल्ली : दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ आणि मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. विमान प्रत्यक्ष हवेत पावणेदोन तासांच्या आसपास असते. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तास किंवा त्याहून अधिक वेळ दिसतो. विमान दिल्लीत जागेवरून हलल्यापासून मुंबईत उभे राहीपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना प्रतीक्षा करावी लागते.

घरापासूनचा हिशेब याहून वेगळा आहे. आर. के. पुरमहून मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावर टर्मिनल १ चौथेच स्थानक आहे. टर्मिनल ३ मात्र या मार्गावर नाही. मुंबई परिसरातही २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आहे. देशांतर्गत उड्डाणांचे चेक-इन काउंटर साधारणतः ६० मिनिटे आधी बंद होतात. त्यामुळे चुकीच्या टर्मिनलवर पोहोचलेल्या प्रवाशाचे विमान चुकू शकते. घरातून निघण्यापूर्वी तिकिटावरील वेळेइतकेच विमानतळाचे नाव आणि टर्मिनल क्रमांक तपासणे आवश्यक ठरते.