वाहनाच्या पत्र्यावरील गंज

वाहनाच्या पत्र्यावरील गंज म्हणजे मोटारगाडी, जीप, ट्रक इत्यादी वाहनांच्या पोलादी आवरणाची व सांगाड्याची ऑक्सिजन आणि पाणी यांच्या संयोगाने होणारी झीज होय. जुन्या वाहनाच्या बाबतीत गंज किती खोल गेला आहे आणि तो गाडीच्या कोणत्या भागात आहे, या दोन गोष्टींवर दुरुस्तीची पद्धत ठरते. केवळ वरून रंग दिल्याने गंज थांबत नाही. तो दृष्टीआड होऊन वाढत राहतो.

गंजण्याची प्रक्रिया

गंज हे मुख्यतः लोहाचे जलयुक्त ऑक्साइड असते. ओलसर पृष्ठभागावर विद्युत्-रासायनिक क्रिया घडते. पत्र्याचा एक भाग धनाग्राप्रमाणे वागून त्यातील लोह विरघळते, तर शेजारच्या भागात ऑक्सिजनची क्रिया होते. पाण्यात मीठ मिसळलेले असल्यास त्याची विद्युत्-वाहकता वाढते आणि ही क्रिया वेग घेते. त्यामुळे कोकण किनाऱ्यावरील खारी हवा गाड्यांना बाधते, तसेच थंड प्रदेशांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठही बाधते.

ॲल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर घट्ट असून तो आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असतो. त्याचे आकारमान मूळ धातूपेक्षा बरेच अधिक असल्याने तो रंगाला आतून वर उचलतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. मोटारीच्या आवरणाचा पत्रा साधारणतः एक मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असल्याने तो आरपार जाण्यास फार काळ लागत नाही.

गंज धरणारी ठिकाणे

जेथे पाणी साचते आणि हवा खेळत नाही, तेथे गंज प्रथम धरतो. दारांचा खालचा काठ, दारांखालील पेटीसारखी पोकळ पट्टी, चाकांवरील कमानी, बॅटरीखालचा ट्रे, काचांच्या रबराखालील कडा, डिकीचा तळ आणि रबरी मॅटखालचा तळपत्रा ही नेहमीची ठिकाणे होत. दोन पत्रे एकमेकांवर बसवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या सांध्यांत ओलावा शिरतो आणि तेथे रंग पोहोचत नाही. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे चिखलाने बुजली, तर दार आतून सडते. बाहेर दिसणारा लहानसा फोड हा अनेकदा आतून बाहेर आलेल्या गंजाचा शेवटचा टप्पा असतो.

सुरक्षिततेशी संबंध

जुन्या जीपसारख्या वाहनात भार वेगळ्या चासीवर असतो. प्रीमियर पद्मिनी आणि ॲम्बेसेडर या भारतीय रस्त्यांवर दीर्घकाळ धावलेल्या गाड्यांची बांधणी मात्र मोनोकॉक पद्धतीची, म्हणजे आवरण व सांगाडा एकत्र असलेली आहे. अशा गाडीत तळपत्रा, दारांखालील पेट्या आणि सस्पेन्शन जेथे जोडलेले असते ते भाग वजन पेलतात. अपघाताचा धक्काही तेच सोसतात. त्यामुळे मडगार्डावरील भोक मुख्यतः गाडीच्या रूपाला बाधा आणते, तर या भागांतील भोक जिवाला धोका निर्माण करते. १९८० मध्ये लॅन्सिया या इटालियन कंपनीला ब्रिटनमधील आपल्या बीटा गाड्यांपैकी अनेक गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. इंजिन धरून ठेवणाऱ्या उपसांगाड्याच्या जोडाशी लागलेला गंज हे त्याचे कारण होते.

तपासणी

जुनी गाडी विकत घेताना चकाकणाऱ्या रंगावर विसंबून राहू नये. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जेथे ते चिकटत नाही किंवा सैल चिकटते, तेथे रंगाखाली लांबीचा जाड थर असण्याची शक्यता असते. मॅट उचलून तळ पाहावा आणि गाडी उंच करून खालचे सांधे पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहावेत. निरोगी पत्र्याचा आवाज खणखणीत, तर सडलेल्याचा बद्द येतो.

दुरुस्ती

वरवरचा गंज असल्यास तो तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने घासून स्वच्छ, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढतात. गंजाच्या डागाभोवतीचा काही सेंटिमीटर रंगही काढावा लागतो, कारण रंगाखाली गंज पसरलेला असतो. पत्र्यावर बारीक खड्डे पडले असतील, तर त्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रव लावतात. त्यामुळे गंजाचे लोह फॉस्फेटमध्ये रूपांतर होते. टॅनिक आम्लयुक्त द्रव वापरल्यास निळसर काळा थर तयार होतो. सुटे पापुद्रे न काढता हे द्रव लावल्यास त्यांचा उपयोग होत नाही.

उघडे लोखंड दमट हवेत काही तासांतच पुन्हा गंजू लागते. म्हणून पृष्ठभाग कोरडा व तेलकटपणारहित करून त्याच दिवशी इपॉक्सी किंवा जस्तयुक्त प्राइमरचा हात द्यावा. रंगकाम भर पावसाळ्यात टाळणे इष्ट.

पत्रा आरपार सडला असल्यास सडका भाग धड लोखंडापर्यंत कापून तेथे नवा तुकडा वेल्डिंगने जोडणे हाच टिकाऊ उपाय आहे. भोकावर जाळी लावून लांबी भरण्याची पद्धत प्रचलित असली, तरी पॉलिस्टर लांबी ओलावा शोषते आणि तिला भार पेलता येत नाही. तिचा उपयोग जोड गुळगुळीत करण्यापुरताच असावा. जोडाची आतील बाजूही प्राइमर व मेणयुक्त द्रवाने झाकावी लागते.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी, जवळचे आसन व अस्तर काढावे आणि पेट्रोलची टाकी व नळ्या सुरक्षित अंतरावर न्याव्यात. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून घासताना योग्य मास्क व चष्मा वापरावा.

प्रतिबंध

पोलादावर जस्ताचा मुलामा दिल्यास जस्त आधी झिजते आणि लोखंड वाचते. पॉर्श ९११ या गाडीसाठी १९७०च्या दशकाच्या मध्यापासून असा पत्रा वापरला जाऊ लागला. पुढे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली. असे संरक्षण नसलेल्या गाडीची पावसाळ्यानंतर तळाकडून धुलाई करणे, पाण्याची छिद्रे मोकळी ठेवणे, ओले मॅट वाळवणे आणि रंगाचा टवका उडताच तेथे प्राइमर लावणे हे उपाय उपयुक्त ठरतात. ओली गाडी हवाबंद आच्छादनाखाली ठेवल्यास ओलावा आतच कोंडतो आणि गंज वाढतो. गाडीच्या तळाला दिलेला डांबरी थर तडकल्यास त्याखाली पाणी साचते. म्हणून त्याचीही दरवर्षी पाहणी करावी.