घर सोडायचं कोणी?

नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईने मेलबर्नहून माहेरी फोन लावला की पलीकडून सल्ला येतो, "बॅग भर आणि निघ." काळजीपोटीच येतो. पण तिची नोकरी इथे, मुलांची शाळा इथे. ती निघणार कुठे? मग प्रश्न असा: मारणाऱ्यालाच घराबाहेर काढता येतं का?

येतं. इथे व्हिक्टोरिया राज्यात २००८चा कौटुंबिक हिंसाचार संरक्षण कायदा आहे. घरी आलेले पोलीस 'सेफ्टी नोटीस' देऊन नवऱ्याला त्याच रात्री घर सोडायला लावू शकतात, बायको भीतीने गप्प राहिली तरीही. मग प्रकरण मॅजिस्ट्रेट कोर्टात जातं आणि 'इंटरव्हेन्शन ऑर्डर' मिळू शकते. धोका मोठा असेल तर तो हजर नसतानाही तात्पुरता आदेश निघतो. त्याला घराबाहेर ठेवायचं का, हे ठरवताना बाईची नि मुलांची घडी कमीत कमी विस्कटावी, शाळा, नोकरी आणि आधाराची माणसं सुटू नयेत, याचा विचार कोर्टाला करावाच लागतो. कायद्यातला हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

"घर तर त्यांच्या नावावर आहे," असं म्हणून कितीतरी जणी थांबतात. थांबू नका. मालकी त्याचीच राहते, पण तिथे राहायला त्याला मनाई होते. घर भाड्याचं असेल तर भाडेकरार तिच्या एकटीच्या नावावर करून मागता येतो. दुसरी भीती म्हणजे त्याच्यावर गुन्ह्याचा शिक्का बसेल. हा आदेश दिवाणी असतो. तो मोडला तर मात्र गुन्हा होतो.

छळ करणारे सासू, सासरे किंवा दीर असले तरी हाच कायदा लागू पडतो. हुंड्यासाठी केलेल्या छळाचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

न्यू साउथ वेल्समध्ये याच आदेशाला 'एव्हीओ' म्हणतात, तर क्वीन्सलँडमध्ये घराबाहेर काढण्याच्या अटीला 'आउस्टर'. २५ नोव्हेंबर २०१७ पासून एका राज्यातला असा आदेश ऑस्ट्रेलियाभर चालतो. भारतातही २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १९ नुसार नवऱ्याला घराबाहेर काढता येतं, हे माहेरच्यांनाही सांगा.

आदेशाच्या कागदाने दार बंद होत नाही, हेही खरं. कुलपं बदला, आदेशाची प्रत शाळेत द्या, आणि तो दारात आला तर पोलिसांसाठी ००० फिरवा. पार्टनर व्हिसावर असाल तर घाबरून सहन करू नका; हिंसाचारामुळे संसार मोडला तरी कायमच्या व्हिसाचा अर्ज पुढे चालवण्याची सोय कायद्यात आहे. मात्र इमिग्रेशनला कळवण्याआधी वकिलाशी बोला. कोर्टात लीगल एडचे वकील मोफत भेटतात. १८०० ७३७ ७३२ या हेल्पलाइनवर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो. इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर आधी १३१ ४५० वर मराठी दुभाषी मागा, तो फोन जोडून देईल. घरच्या कुणाला दुभाषी करू नका.