आरमाराची पखाल : ‘निओशो’ची कहाणी

सैन्य पोटावर चालते असे म्हणतात. आरमाराचे पोट भरते ते तेलाने. युद्धनौका कितीही अवाढव्य असली तरी तिच्या टाक्यांत ठराविक दिवस पुरेल इतकेच इंधन मावते. ते संपत आले की बंदर गाठावे लागते. आणि शत्रू काही बंदराजवळ वाट पाहत बसलेला नसतो. म्हणूनच आरमाराच्या मागे तेलवाहू जहाज लागते. पूर्वी फौजेबरोबर पाण्याची पखाल घेऊन पखालजी चालत असे, त्यातलाच हा प्रकार. पण लढाईच्या वर्णनात पखालजीचे नाव क्वचितच येते. अमेरिकेच्या ‘निओशो’ या तेलवाहू जहाजाची कहाणी म्हणूनच मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

चालत्या जहाजाला तेल

भर समुद्रात, न थांबता तेल देण्याची पद्धत अमेरिकी नौदलाने पहिल्या महायुद्धात बसवली. १९१७ साली ‘मॉमी’ या तेलवाहू जहाजाने अटलांटिक महासागरात विनाशिकांना असे इंधन पुरवले. त्या जहाजावरच्या चेस्टर निमिट्झ या तरुण अधिकाऱ्याचा या कामात मोठा वाटा होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात तेच पॅसिफिक आरमाराचे सरसेनापती झाले.

पद्धत ऐकायला सोपी आहे. दोन्ही जहाजांनी एकमेकांशेजारून, एकाच वेगाने, सरळ चालायचे. मध्ये दोरखंडांच्या आधाराने नळ सोडायचा आणि त्यातून तेल ओतायचे. प्रत्यक्षात सुकाणूवरच्या माणसाचा हात जरा चुकला तर जहाजे एकमेकांवर आदळतील किंवा नळ तुटेल अशी धास्ती असते. त्यात तेल चालू असताना शत्रूचे विमान आले, तर झटकन वळण्याचीही सोय नसते.

‘निओशो’ याच कामासाठी ७ ऑगस्ट १९३९ रोजी नौदलात दाखल झाली. नाव कॅन्सस आणि ओक्लाहोमा राज्यांतून वाहणाऱ्या एका नदीचे. लांबी ५५३ फूट आणि वेग ताशी १८ सागरी मैल. टँकरच्या मानाने हा वेग चांगलाच होता. त्यामुळेच विमानवाहू नौकांच्या ताफ्याबरोबर राहणे तिला शक्य होते.

पर्ल हार्बरची सकाळ

७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी जपानी विमाने पर्ल हार्बरवर कोसळली, तेव्हा ‘निओशो’ फोर्ड बेटाच्या धक्क्याला होती. विमानांसाठी आणलेले पेट्रोल तिने तिथल्या नाविक विमानतळासाठी नुकतेच उतरवले होते. शेजारीच बड्या युद्धनौकांची रांग होती आणि शत्रूचा सारा रोख त्यांच्यावरच होता. अशा जागी टँकर पेटला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी!

कप्तान जॉन फिलिप्स यांनी वेळ दवडला नाही. भर माऱ्यातून त्यांनी जहाज हलवले आणि बंदराच्या सुरक्षित भागात नेले. जहाजावरच्या तोफाही सारख्या चालूच होत्या. तिघे जखमी झाले, पण जहाज वाचले. या कामगिरीबद्दल फिलिप्स यांना ‘नेव्ही क्रॉस’ हे पदक मिळाले.

चुकीची ओळख

पुढचे पाच महिने ‘निओशो’ विमानवाहू नौकांना तेल पुरवत होती. ६ मे १९४२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, कोरल समुद्रात, तिने ‘यॉर्कटाउन’ला इंधन दिले आणि ‘सिम्स’ ही एकच विनाशिका सोबत घेऊन ती दक्षिणेकडे निघाली. लढाईपासून दूर राहायचे, एवढाच हेतू.

दुसऱ्या दिवशी सकाळी जपानी टेहळणी विमानाला ही दोन जहाजे दिसली. वैमानिकाने कळवले, ‘एक विमानवाहू नौका आणि एक क्रूझर.’ झाले! ‘शोकाकू’ आणि ‘झुइकाकू’ या विमानवाहू नौकांवरून ७८ विमाने उडाली. जवळ आल्यावर चूक ध्यानात आली, पण आता बॉम्बफेकी विमानांनी याच दोघींवर हल्ला चढवला. ‘सिम्स’ बुडाली, तिच्यावरचे अगदी थोडे खलाशी वाचले. ‘निओशो’वर सात बॉम्ब पडले, शिवाय एक विमानही येऊन आदळले. त्याच दिवशी, दुसरीकडे, अमेरिकी विमानांनी ‘शोहो’ ही जपानी विमानवाहू नौका बुडवली.

चार दिवस

‘निओशो’ मोडली, पेटली, कलली. पण बुडाली नाही. अर्धवट रिकाम्या झालेल्या टाक्यांनीच तिला तरंगत ठेवले. ऑस्कर पीटरसन हे बॉयलरवरचे अनुभवी खलाशी स्वतः जबर जखमी झाले होते. त्यांच्या दुरुस्ती पथकातले इतर साथीदारही जायबंदी होते. तरीही त्यांनी वाफेच्या नळांचे व्हॉल्व्ह एकट्याने बंद केले. त्यात ते आणखी भाजले आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

जहाज सोडण्याची नुसती तयारी करा, असा हुकूम होता. गोंधळात अनेकांना वाटले, सोडायचेच आहे. कित्येकांनी समुद्रात उड्या टाकल्या. त्यातच बिनतारी संदेशातून कळवलेले जहाजाचे ठिकाण चुकीचे निघाले, आणि शोध भलत्याच जागी सुरू राहिला. अखेर १० मे रोजी ऑस्ट्रेलियन विमानाला ते दिसले. ११ मे रोजी ‘हेन्ली’ या विनाशिकेने दोन्ही जहाजांवरच्या मिळून १२३ जणांना उचलले आणि मग निकामी झालेली ‘निओशो’ स्वतःच बुडवली. तराफ्यांवर वाहून गेलेल्या ६८ जणांपैकी नऊ दिवसांनी फक्त चौघे जिवंत सापडले.

पीटरसन यांना मरणोत्तर ‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला आणि १९४३ मध्ये एका युद्धनौकेला त्यांचे नावही देण्यात आले. पदक मात्र त्यांच्या पत्नीकडे समारंभाशिवायच पोचले होते. कुटुंबाचा जाहीर गौरव आयडाहो राज्यात झाला तो २०१० साली!

न लढणारी लढाई

‘निओशो’ची सेवा उणीपुरी पावणेतीन वर्षांची. तिने विमाने उडवली नाहीत की एकही मोठी नौका बुडवली नाही. पण ज्या ताफ्याने कोरल समुद्रात जपानची पोर्ट मोर्सबीवरची स्वारी परतवली, त्या ताफ्याच्या टाक्यांत तिने भरलेले तेल होते. आपल्या नौदलातही हे काम करणारी जहाजे आहेत. इटलीत बांधलेली ‘दीपक’ आणि ‘शक्ती’ २०११ मध्ये त्यात दाखल झाली. युद्धनौका महिनोन्महिने किनाऱ्यापासून दूर गस्त घालतात, त्या अशाच जहाजांच्या भरवशावर. नौदलाच्या पराक्रमाचे मोजमाप करताना तोफांबरोबर ही पखालही मोजायला हवी.