पडद्यावरचे चित्र आणि वक्त्याच्या हातातील फोन

वऱ्हाडात वसंत येतो तो मोगऱ्याच्या वासाबरोबर उन्हाचा तडाखा घेऊनच. दिवसभर रस्ते ओस पडतात. पण सूर्य कलला, पटांगणावर पाणी शिंपडले गेले आणि खुर्च्या मांडल्या गेल्या, की हेच गाव व्याख्यान ऐकावयास घराबाहेर पडते. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यास जी वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तिचे अनुकरण महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांनी केले, आणि आमच्या वाशिमसारख्या गावांतही ही हौस रुजली. त्या काळी वक्ता, श्रोते आणि पाण्याचा तांब्या एवढ्यावर व्याख्यान होत असे. आता त्यात पडदा आला, प्रक्षेपक आला, टॅब्लेट आला. आणि त्यांच्याबरोबर एक नवी अडचणही आली. त्या अडचणीविषयी व तिच्यावरील एका सोप्या उपायाविषयी आम्हांस येथे चार शब्द सांगावयाचे आहेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या व्याख्यानमालेत एका संध्याकाळी वत्सगुल्माच्या वाकाटकांवर व्याख्यान होते. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशिमच. १९३९ साली येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्याची भाषा काही संस्कृत व काही प्राकृत आहे, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या पंडिताने त्याचे संपादन करण्यात भाग घेतला. तेव्हा हा विषय वाशिमकरांच्या किती जिव्हाळ्याचा, हे निराळे सांगावयास नको. वक्ते निवृत्त शिक्षक होते. त्यांनी ताम्रपटाची व अजिंठ्याच्या लेण्यांची उत्तम चित्रे जमविली होती. टॅब्लेट प्रक्षेपकाला तारेने जोडून सभागृहाच्या मध्यभागी एका टेबलावर ठेवला होता आणि त्याच्यापाशी कॉलेजातील एक विद्यार्थी बसविला होता. ठरले असे, की गुरुजींनी व्यासपीठावरून "पुढे" म्हणावे आणि मुलाने पुढील चित्र दाखवावे.

ज्यांनी हे ठरविले त्यांत आम्हीही होतो, म्हणून दोष कोणाला द्यावा! मराठीत इतिहास सांगावयाचा तर "पुढे" या शब्दावाचून चालते काय? गुरुजी म्हणाले, "पुढे हरिषेणाच्या काळी हे राज्य भरभराटीस आले", आणि चित्र सरकले. "त्याचा मंत्री वराहदेव याने पुढे अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले", आणि चित्र पुन्हा सरकले. गुरुजी ताम्रपटाची अक्षरे वाचून दाखवू लागले तेव्हा पडद्यावर लेण्यातील स्तंभ होते. मुलाने घाईने मागे जाण्याचा प्रयत्न केला, तो भलत्याच ठिकाणी पोहोचला. सभेत हशा पिकला. गुरुजी गोंधळले, मुलाचे तोंड लाल झाले, आणि ताम्रपट जो सुटला तो सुटलाच. सभा संपल्यावर खेड्यावरून एस.टी.ने आलेले एक वृद्ध गृहस्थ आम्हांस म्हणाले, "बाकी समदं ठीक झालं जी, पण आपल्या गावचा तो तांब्याचा पत्रा पाहाले भेटला नाही." त्यांना शेवटची गाडी गाठावयाची होती, ते थांबू शकले नाहीत. ही रुखरुख आम्हांस पुष्कळ दिवस होती.

चित्रे दाखवून कथा सांगण्याची कला आपल्याकडे काही कालची नव्हे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून "शांबरिक खरोलिका" या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडावयाची आणि त्यांच्या जोडीने पुराणकथा रंगवावयाची, असा तो प्रकार होता. महाराष्ट्रात चलच्चित्र येण्यापूर्वीचा हा चमत्कार. अशा खेळात काच सरकविणारा हात आणि कथा सांगणारे तोंड यांचे सूर जुळावे लागतात. ते घरच्या माणसांच्या रोजच्या तालमीने जुळत. आमच्या त्या विद्यार्थ्याला तालीम कोण देणार? तो बिचारा अर्धा तास आधी येऊन बसला होता.

तात्पर्य, ज्याचे तोंड बोलते त्याच्याच हातात चित्र सरकविण्याची कळ असावी, हे उत्तम. परंतु टॅब्लेट तर तारेने प्रक्षेपकाशी जखडलेला. तो हातात घेऊन वक्त्याने फिरावे कसे? आणि टॅब्लेटपाशी उभे राहून बोलावे तर व्यासपीठ सुटते व ध्वनिक्षेपकही सुटतो. म्हणून मध्ये दूत हवा. असा दूत आज बहुतेकांच्या खिशात आहे. तो म्हणजे स्मार्टफोन.

येथे एक गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. पुष्कळांस वाटते की फोनवरून चित्र टॅब्लेटकडे जाते. तसे नाही. सर्व चित्रे आधीच टॅब्लेटमध्ये असतात. फोनकडून जाते ती केवळ आज्ञा: "पुढचे", "मागचे", "पडदा काळा कर". कालव्याचे दार उघडणारा पाणी वाहून नेत नाही. तो फक्त दार उघडतो. आपल्या शेतकरी बांधवांस हे अधिक चांगले समजेल, कारण त्यांच्या विहिरीवर मोबाइल स्टार्टर असतो. रात्री वीज आली की घरी अंथरुणावर बसून फोन करावयाचा आणि शिवारातील मोटार सुरू करावयाची. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांनी "नॅनो गणेश" नावाने असेच साधन तयार केले. तत्त्व दोहोंचे एकच: फोनने आज्ञा द्यावयाची, काम दुसऱ्या यंत्राने करावयाचे. फरक इतकाच, की मोटारीची आज्ञा मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यावरून जाते, म्हणून कोसभर अंतराचेही तिला काही वाटत नाही. आमची आज्ञा सभागृहातल्या सभागृहात जाते, म्हणून तिला मनोराही लागत नाही आणि इंटरनेटही बहुधा लागत नाही.

ही आज्ञा जाते रेडिओलहरींच्या पाठीवर. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास भर सभेत अदृश्य लहरींनी दूर अंतरावरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखविली होती; मधल्या भिंती त्या लहरींनी जुमानल्या नाहीत. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कमध्ये हौदातील एक छोटी नाव तारेवाचून चालवून दाखविली. म्हणजे दूरनियंत्रणाचा जन्मच मुळी जाहीर सभांच्या साक्षीने झाला, असे म्हटले तरी चालेल.

फोन आणि टॅब्लेट यांच्यामध्ये दोन प्रकारचे दुवे चालतात: ब्लूटूथ आणि वाय-फाय. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅरल्ड ब्लूटूथ या राजावरून घेतले आहे. याच्या लहरी सेकंदास सुमारे २४० कोटी कंपने करतात. याच पट्ट्यात वाय-फाय आणि इतर पुष्कळ उपकरणेही बोलत असतात. मग गोंगाटात आपली आज्ञा ऐकू जावी कशी? यावर तोड अशी, की दोन्ही यंत्रे ठरल्या क्रमाने भराभर आपली जागा बदलतात. मूळ ब्लूटूथ पद्धतीत असे ७९ मार्ग असून यंत्रे सेकंदास १,६०० वेळा मार्ग बदलतात. एका मार्गावर गलका असला तर पुढच्या क्षणी ती दुसऱ्यावर असतात. मार्ग बदलत राहण्याच्या याच कल्पनेवर अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी १९४२ साली एकस्व मिळविले होते. त्यांना पाणतीर शत्रूच्या अडथळ्यावाचून न्यावयाचा होता.

आता प्रत्यक्ष कृती. ज्यांच्याजवळ आयपॅड आणि आयफोन आहेत त्यांचे काम सोपे आहे. कीनोट नावाच्या कार्यक्रमात ही सोय अंगचीच आहे. दोन्ही यंत्रे एकदा जोडताना दोन्ही पडद्यांवर एकच आकडा दिसतो तो पडताळून मान्य करावयाचा; मग फोनवर बोट फिरविले की टॅब्लेटवरचे चित्र सरकते. वक्त्याने लिहून ठेवलेली टिपणेही फोनवर दिसू शकतात, म्हणजे हातातील कागदांची चळतही सुटली. ज्यांच्याजवळ अँड्रॉइड फोन आहे, आणि आपल्याकडे बहुसंख्यांजवळ तोच असतो, त्यांनी दुसरी युक्ती करावी. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून फोनला ब्लूटूथ कीबोर्डचे सोंग घेता येते. त्यासाठी एखादे छोटे ॲप फोनमध्ये घ्यावे. टॅब्लेटला वाटते की आपल्याला कीबोर्ड जोडला आहे. फोनवरची उजवी खूण दाबली की तो चित्र पुढे नेतो, डावी दाबली की मागे आणतो. टॅब्लेटऐवजी लॅपटॉप असेल तर लिबरऑफिस या मोफत कार्यक्रमाचे स्वतःचे इम्प्रेस रिमोट आहे. ते ब्लूटूथवर चालते आणि वाय-फायवरही चालते.

वाय-फायचा मार्ग घ्यावयाचा तर सभागृहात वाय-फाय असलेच पाहिजे असे नाही. फोनचाच हॉटस्पॉट सुरू करून टॅब्लेट त्याला जोडावा. दोघांपुरते जाळे तयार होते. मात्र काही ॲप आज्ञा इंटरनेटवरून फिरवून आणतात. अशी ॲप गावात चालली तरी खेड्यातील शाळेत ऐन वेळी दगा देतील. म्हणून मोबाइल डेटा बंद करून एकदा पाहावे. तरीही चित्र सरकले तर निर्धास्त असावे.

येथपर्यंत वाचून कोणी उत्साहाने फोन हाती घेतील, त्यांना आमच्या अनुभवाच्या काही गोष्टी सांगून ठेवितो. पहिली ही, की रिकाम्या सभागृहात चाललेले साधन भरल्या सभागृहात अडखळू शकते. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे, आणि पाणी या लहरी शोषून घेते. वक्ता आणि टॅब्लेट यांच्यामध्ये माणसांच्या दहा रांगा बसल्या म्हणजे ती एक भिंतच होते. शिवाय प्रत्येकाच्या खिशातला फोनही त्याच पट्ट्यात कुजबुजत असतो. यासाठी टॅब्लेट श्रोत्यांच्या डोक्यांहून उंच ठेवावा, आणि व्यासपीठापासून त्याचे अंतर तीस फुटांच्या आत राखावे.

दुसरी गोष्ट, फोन हा शेवटी फोनच आहे. ऐन रंगात आलेल्या भाषणात तो वाजला तर सगळेच मुसळ केरात. विमान प्रवासासाठी असते ती स्थिती प्रथम चालू करावी आणि मग फक्त ब्लूटूथ सुरू करावे. हॉटस्पॉट वापरणाऱ्याने निदान सर्व सूचना व घंटा बंद कराव्यात, आणि हेच टॅब्लेटवरही करावे. नाहीतर घरची दुधाची आठवण चारशे माणसांना पडद्यावर वाचावयास मिळते. फोनचा आणि टॅब्लेटचा पडदा आपोआप झोपी जाऊ नये अशीही व्यवस्था करून ठेवावी.

तिसरी गोष्ट उणिवेची आहे आणि ती आम्ही लपवीत नाही. बाजारात मिळणाऱ्या क्लिकरला बटणे असतात. ती अंधारातही बोटाला सापडतात. फोन म्हणजे गुळगुळीत काच, तिच्यावर बोट चाचपडते आणि वक्त्याची नजर श्रोत्यांवरून हातावर येते. यावर उपाय सरावाचा. घरच्या मंडळींसमोर दोन वेळा संपूर्ण व्याख्यान करून पाहावे. आणि एवढे करूनही चित्रांची क्रमवार यादी कागदावर लिहून टॅब्लेटपाशी बसणाऱ्याजवळ द्यावी. वीज गेली तर टॅब्लेट आणि फोन आपापल्या बॅटरीवर जिवंत राहतील, पण प्रक्षेपक राहणार नाही. तेव्हा चित्रांवाचून बोलण्याची तयारी हवीच.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपाची गरज काय? उत्तम वक्ता चित्रांवाचूनही सभा जिंकतो. हे खरे आहे. आमचाही आग्रह चित्रांचा नाही, वक्त्याच्या मोकळेपणाचा आहे. फोनवरील सर्वांत मोलाची कळ आमच्या मते "पुढचे" ही नव्हे. पडदा काळा करणारी ती. चित्र दाखवून झाले की ते विझवावे, म्हणजे दोनशे डोळे पुन्हा माणसाकडे वळतात. आणि हे साधन व्यासपीठापुरतेच नाही. मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या एखाद्या खेड्यातील शिक्षिकेजवळ फोन असतो, शाळेत एखादा टॅब्लेट असतो. वेगळा पैसा न घालता ती वर्गात मुलांमध्ये फिरत, मागच्या बाकावरच्या मुलापाशी उभी राहून भिंतीवरचे चित्र बदलू शकते. मागच्या बाकापर्यंत शिक्षक पोहोचणे ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच गुरुजींना पुन्हा बोलाविले, आणि विषयही तोच ठेविला. या वेळी फोन त्यांच्या हातात होता. तो जोडून देण्याचे काम त्याच विद्यार्थ्याने केले, आणि यादी मांडीवर घेऊन तो पहिल्या रांगेत बसला. गुरुजी त्या दिवशी किती वेळा "पुढे" म्हणाले, याची गणती नाही. चित्र हलले नाही. ताम्रपट पडद्यावर जवळजवळ दहा मिनिटे होता. गुरुजींनी एकेक ओळ वाचून दाखविली, आणि पंधरासोळा शतकांपूर्वीचे आपल्या गावाचे नाव लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. खेड्यावरचे ते वृद्ध गृहस्थ गर्दीत होते की नाही, हे आम्हांस दिसले नाही. पुन्हा कधी भेटले तर सांगावयाचे आहे, की यंदाही या, ताम्रपट दाखवूच; आणि शेवटच्या गाडीच्या आधी दाखवू.